भाड्याच्या घरात कनेक्शन पाइप फुटला, तर भरपाई कुणी द्यायची आणि किती?

नमस्कार. मी पुण्यात बावीस वर्षं वकिली करते आणि त्यातली बरीचशी घरमालक-भाडेकरू, सोसायट्या आणि गळतीच्या भांडणांत गेली आहेत. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर देण्याआधी तुमची हकीकत थोडक्यात मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोन वर्षांहून जास्त काळ राहताय. अकरा महिन्यांचा हा तिसरा लिव्ह अँड लायसन्स करार, ऑनलाइन नोंदणी केलेला. गौरी-गणपतीला पाच दिवस गावी गेलात. दुसऱ्या रात्री किचनच्या सिंकखालचा कनेक्शन पाइप फुटला. सकाळी खालच्या फ्लॅटमध्ये पीओपीतल्या लाइटमधून पाणी ठिबकायला लागलं, त्यांनी तुम्हाला फोन केला, वॉचमनने गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला. आता मालकांनी यादी पाठवली आहे: दोन्ही बेडरूमचं लाकडी फ्लोअरिंग ९६,०००, किचन ट्रॉली ४८,०००, पूर्ण घराचं पेंटिंग ५२,०००, खालच्यांचं पीओपी आणि रंग ४०,०००. एकूण २,३६,०००. तुमचं ८०,००० डिपॉझिट वळतं करून वर १,५६,००० द्या, असं त्यांचं म्हणणं. तुमचं म्हणणं, हा अपघात आहे, आम्ही घरातही नव्हतो, मग आमची जबाबदारी कशी?

आणि एक गोष्ट तुम्ही प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. जुलैच्या शेवटी तुम्ही मालकांना सिंकखालच्या पाइपचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, ‘नटापाशी थेंब थेंब गळतंय’ असं लिहून. त्यांचं उत्तर होतं, ‘गणपतीनंतर आलो की बघतो.’ माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या प्रकरणात याहून महत्त्वाचं वाक्य नाही. तो मेसेज पुसू नका, फोन बदलू नका आणि त्या संभाषणाचा बॅकअप आजच घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असे मेसेज कोर्टात चालतात, मात्र सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

आता मुद्द्यावर येते. ‘अपघात झाला’ एवढ्याने तुम्ही सुटत नाही, आणि ‘घर तुमच्या ताब्यात होतं’ एवढ्याने मालकांचा आकडाही सिद्ध होत नाही. मुद्दाम कुणी घर भिजवत नाही. माझ्याकडे आलेली गळतीची जवळजवळ सगळी प्रकरणं अपघाताचीच होती. तरी काहींत भाडेकरूने पूर्ण भरपाई दिली आणि काहींत एक रुपयाही दिला नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. पाणी कुठून आलं आणि ती जागा सांभाळणं कुणाचं काम होतं, हा पहिला प्रश्न. त्यावरून कोण ते ठरतं. जे खराब झालं ते किती जुनं होतं, हा दुसरा. त्यावरून किती ते ठरतं. दोन्ही बाजू रागात असताना हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि भांडण वाढतं.

आधी करारनामा काढा. महाराष्ट्रात ऑनलाइन नोंदणीच्या करारांत साधारण एकाच अर्थाचं कलम असतं: जागा आहे त्या स्थितीत सांभाळायची, लायसन्सीकडून, म्हणजे करारावर राहणाऱ्याकडून, नुकसान झालं तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं, नेहमीच्या वापरातली झीज सोडून. या वाक्यातले ‘लायसन्सीकडून झालेलं’ आणि ‘झीज सोडून’ हे दोन भाग मालक वाचत नाहीत. फक्त ‘स्वखर्चाने दुरुस्त करायचं’ एवढंच वाचतात. तुमच्या करारात याहून कडक भाषा असेल, उदाहरणार्थ ‘कोणत्याही कारणाने झालेलं नुकसान लायसन्सी भरून देईल’, तर तुमची बाजू थोडी अवघड होते, पण संपत नाही. तेही खाली येईल.

लिव्ह अँड लायसन्स आणि भाडेपट्टा यांत कायद्याने फरक आहे, हेही सांगून ठेवते, कारण इंटरनेटवर वाचून लोक चुकीची कलमं नोटिशीत घालतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८(एम) मध्ये भाडेपट्ट्याने राहणाऱ्याचं कर्तव्य दिलं आहे: ताबा घेतला तेव्हा होती तशी जागा परत करायची, वाजवी झीज आणि अनिवार्य आपत्ती वगळून. स्वतःच्या किंवा नोकरमाणसांच्या चुकीने दोष निर्माण झाला असेल तर मालकाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो दूर करायचा. तुमचा करार लायसन्सचा, म्हणजे भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ खालचा. त्यामुळे १०८ तुम्हाला थेट लागू होत नाही, तुमचा करारच बोलतो. पण त्याच सुविधाधिकार कायद्यात कलम ५७ आहे, त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. जागेत धोकादायक दोष आहे आणि तो मालकाला माहीत आहे, पण लायसन्सीला नाही, तर तो सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. तुमच्या बाबतीत दोष दोघांनाही माहीत होता, म्हणून हे कलम तुमच्या हाती पूर्ण येत नाही. मात्र पाइप मालकांनी बसवलेला होता, किती जुना आहे हे त्यांनाच ठाऊक होतं, एवढा मुद्दा त्यातून नक्की मांडता येतो.

आता त्या पाइपाबद्दल. सिंक, बेसिन, गीझर, फ्लश टँक यांना अँगल कॉकपासून, म्हणजे भिंतीतल्या छोट्या बंद-चालू कॉकपासून, जोडणारी जी बोटभर जाडीची नळी असते, ती बाहेरून स्टीलच्या तारेने विणलेली दिसते आणि लोकांना वाटतं ती लोखंडासारखी टिकेल. आत साधी रबराची नळी असते. वरची तार फक्त तिला फुगू देत नाही. फरशी धुण्याच्या ॲसिडची वाफ आणि ब्लीच यांनी ती तार गंजते, एकेक धागा तुटतो आणि एका रात्री रबर फाटतं. किंवा टोकाच्या पितळी नटाला चीर जाते. हे सहसा रात्रीच होतं, कारण रात्री इमारतीत कुणी नळ वापरत नाही आणि गच्चीवरच्या टाकीचा दाब पूर्ण असतो. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार (हे दाबाचं माप), म्हणजे सातव्याच्या वर टाकी आणि तिसऱ्यावर तुमचा सिंक, दीड बारच्या आसपास दाब त्या नळीवर रात्रभर बसतो. मिनिटाला दहा लिटर धरले तरी सात तासांत चार हजार दोनशे लिटर पाणी होतं. एका बेडरूमचं फ्लोअरिंग का फुगलं, हे यावरून कळेल.

म्हणून माझा सगळ्यात पहिला प्रश्न: फुटलेला पाइप कुठे आहे? प्लंबर नवीन बसवतो आणि जुना कचऱ्यात टाकतो. तुमच्याकडे असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवा. सिंहगड रोडच्या एका प्रकरणात मालकाचं म्हणणं होतं की भाडेकरूने ट्रॉलीत कुकर आपटून नट तोडला. भाडेकरूने तो नट सुदैवाने डबीत जपून ठेवला होता. आम्ही तो टेबलावर उन्हात धरला. चिरेचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट होता, त्यावर पांढरा क्षार बसलेला. उरलेला थोडासा भाग सोन्यासारखा पिवळाधमक. म्हणजे चीर कित्येक महिन्यांपासून होती, पाणी झिरपून तिच्यात क्षार साचत होता, आणि शेवटचा टवका त्या रात्री तुटला. मालक स्वतः इंजिनिअर होते. त्यांनी तो नट हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ठीक आहे, पाइप माझा. पुढची बोलणी अर्ध्या तासात झाली. तुमच्याही पाइपाची तुटलेली जागा नीट उजेडात, जवळून, फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा.

हेच पाणी दुसऱ्या जागेतून आलं असतं तर माझं उत्तर बदललं असतं. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असतं, त्या दिवशीची ही नेहमीची गोष्ट: सकाळी नळ उघडून पाहिला, पाणी नाही, नळ तसाच उघडा ठेवून सगळे ऑफिसला गेले. दुपारी टाकी भरली, सिंकच्या जाळीत भाजीची देठं अडकलेली, पाणी थेट हॉलमध्ये. अशा प्रकरणात मी भाडेकरूला सांगते की भांडू नका, रकमेवर बोला. निष्काळजीपणा स्पष्ट आहे. तुमच्या स्वतःच्या वॉशिंग मशीनचा पाइप नळावरून निसटला असता तरी जवळजवळ तसंच. उलट बाथरूमच्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं आणि खाली ओल आली, तर ते भाडेकरूच्या गळ्यात घालता येत नाही. ‘तुम्ही पाणी फार वापरता’ हे कारण मी बरेचदा ऐकलं आहे. बाथरूम पाणी वापरण्यासाठीच असतं. आणि गळती बाहेरच्या सामायिक पाइपची किंवा गच्चीची असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, दुरुस्ती सोसायटीने करायची असते, मालकानेही नाही.

तुमचा पाइप या सगळ्यांच्या मधे बसतो. तो मालकांनी बसवलेला, जुना, झिजलेला, आणि त्याची खबर तुम्ही दिलेली. ही तुमची जमेची बाजू. पण तुमच्या विरुद्ध जाणारी गोष्टही मी लपवणार नाही, कारण समोरचा वकील ती पहिल्या पाच मिनिटांत काढेल. तुम्हाला माहीत होतं की नटापाशी गळतंय. तरी पाच दिवसांसाठी घर बंद करताना तुम्ही सिंकखालचा अँगल कॉक फिरवला नाही, घराचा मेन कॉकही बंद केला नाही. त्याला एक मिनिटही लागत नाही. सामान्य काळजी घेणारा माणूस, ज्याला गळती ठाऊक आहे, तो हे करेल असं कोर्ट म्हणू शकतं. कॉक जाम होता, फिरत नव्हता, असं असेल तर मला जरूर सांगा. ते बरंच महत्त्वाचं आहे आणि नवीन पाइप बसवणारा प्लंबर त्याचा साक्षीदार होऊ शकतो.

मालकांचं उत्तर वेगळं असतं, म्हणजे ‘प्लंबरला बोलवा, भाड्यातून वळते करून घ्या’ असं असतं आणि तुम्ही दीड महिना बोलावलं नसतं, तर पारडं मालकांकडे झुकलं असतं. ‘गणपतीनंतर बघतो’ मध्ये दुरुस्ती त्यांनी स्वतःकडे घेतली आणि पुढे ढकलली. बऱ्याच जणांना हेही माहीत नसतं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणं घरमालकाचं कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करू शकतो. हे कलम भाडेकरूंसाठी आहे. लायसन्सीने ते जसंच्या तसं स्वतःला लावून भाडं कापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दुरुस्ती कुणाचं काम हे सांगताना त्याचा आधार बोलण्यात घेता येतो.

एकूण पाहता, मी तुमची वकील असते तर ‘आमची काहीच जबाबदारी नाही’ अशी भूमिका घेतली नसती, आणि मालकांची वकील असते तर त्यांना ‘सगळं भाडेकरूवर’ असा दावा लावू दिला नसता. वाजवी नुकसानीचा निम्मा किंवा त्याहून थोडा कमी वाटा तुमच्याकडे, अशी मांडणी मला न्याय्य वाटते.

आता वाजवी नुकसान म्हणजे किती. इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून जरा थांबते. करार कायदा, १८७२ चं कलम ७३ सांगतं की करारभंगातून स्वाभाविकपणे होणारं नुकसान भरून द्यायचं, दूरचं आणि अप्रत्यक्ष नाही. त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते हिशेबात घ्यायचे. कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच, त्या लिहिलेल्या आकड्यापर्यंत. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात हेही स्पष्ट केलं की नुकसान झालंच नसेल तर अनामत जप्त करता येत नाही, आणि जिथे नुकसान मोजता येतं तिथे ते सिद्ध करावं लागतं. म्हणून ‘कोणत्याही कारणाने झालेलं नुकसान’ असं कडक कलम असलं तरी आकडा मालकांनाच शाबीत करावा लागेल.

त्यांची यादी घेऊ. फ्लोअरिंग लॅमिनेटचं आहे, असं तुमच्या फोटोंवरून दिसतं. लॅमिनेटच्या आत दाबलेल्या लाकडाच्या भुशाची पाटी असते. सांध्यातून पाणी शिरलं की ती फुगते आणि कडा उचलतात, पुन्हा बसत नाहीत. त्यामुळे किचनला लागून असलेल्या बेडरूमचं बदलावं लागणार, हे खरं. पण दुसऱ्या बेडरूमपर्यंत पाणी गेलंच नाही, असं तुम्ही लिहिता. मग तिथलं ‘मॅचिंग व्हावं म्हणून’ बदलायचं तर मालकांनी स्वतःच्या पैशाने बदलावं. उरले ४८,०००. फ्लोअरिंग सात वर्षांचं आहे. बारा वर्षं आयुष्य धरलं तर पाच शिल्लक, म्हणजे ४८,००० चे पाच-बारांश, २०,०००. कोर्ट दरवेळी असाच घसारा लावेल असं नाही, काही न्यायाधीश ठोक रक्कम ठरवतात. पण जुन्याच्या जागी कोरं करकरीत आणि तेही दुसऱ्याच्या खर्चाने, हे कुणी मान्य करत नाही.

ट्रॉलीचं कोटेशन पूर्ण किचनचं दिसतं. भिजला तो सिंकखालचा खोका आणि शेजारचा एक. तेवढ्याचा दर सुतार वेगळा सांगेल. तो १५,००० आला आणि वय निम्मं गेलेलं धरलं तर ७,५०० होतात. पेंटिंगमध्ये तर मालकांनी हात फारच सैल सोडला आहे. पाणी जमिनीवर होतं. दोन भिंतींना स्कर्टिंगच्या वर वीतभर ओल आली असेल. तुम्ही राहायला आलात त्याच्या आधी रंग दिलेला, म्हणजे पुढच्या माणसासाठी त्यांना रंग द्यावाच लागणार होता. दोन भिंतींचे पाचेक हजार मी धरते. छत आणि हॉल यांचा या घटनेशी संबंध नाही.

खालच्या फ्लॅटबद्दल तुम्ही स्वतः जाऊन पाहिलं का? नसेल तर जा. बायकोला किंवा नवऱ्याला बरोबर घेऊन, हात जोडून जा. त्या माणसांचं सणात घर भिजलं आहे आणि त्यांची यात काडीची चूक नाही. गेलात की मोजून या: किती चौरस फूट पीओपी खाली आलंय, किती भागावर नुसते डाग आहेत, किती लाइट गेले. नुसत्या डागाला पूर्ण छत पाडावं लागत नाही. ते पुरतं सुकू द्यावं लागतं, पाऊस उघडल्यावर काही आठवडे, मग प्रायमर आणि रंग. घाईने रंग मारला तर महिन्यात पिवळे डाग पुन्हा वर येतात आणि दुसऱ्यांदा खर्च होतो. हे त्यांनाही सांगा, त्यांच्याच भल्याचं आहे. उदाहरणापुरता हा खर्च मी १८,००० धरते. खरा आकडा त्यांच्या बिलावरून ठरेल.

कायद्याने त्यांचा आणि तुमचा करार नाही. त्यामुळे तुमच्याकडून घ्यायचं तर निष्काळजीपणा दाखवावा लागेल. इमारतीत नळाचं पाणी ठेवणं हा घराचा साधा वापर आहे आणि पाणी निसटलं एवढ्यावरून कुणी आपोआप जबाबदार होत नाही, हे १९१३ सालच्या रिकार्ड्स विरुद्ध लोथियन या प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश साम्राज्यातल्या अपिलांच्या वरिष्ठ न्यायपीठाच्या) निकालापासून मांडलं जातं. ते प्रकरण ऑस्ट्रेलियातलं. वरच्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ कुणीतरी अनोळखी माणसाने मुद्दाम सोडून बेसिन तुंबवलं आणि खालच्या दुकानदाराचा माल भिजला. वरच्या ताबेदाराला दोषी धरलं नाही. तुमच्या बाबतीत तिसरा माणूस नाही, म्हणून ते जसंच्या तसं लागत नाही, पण ‘तुमच्या घरातून पाणी आलं, संपलं’ या युक्तिवादाला ते उत्तर आहे. सोसायटीने तुम्हाला पत्र पाठवलंय त्याबद्दल: सोसायटीचे सभासद मालक आहेत, तुम्ही नाही. सेक्रेटरींना नम्रपणे लिहा की पत्रव्यवहार मालकांशी करावा, आमचं सहकार्य आहे. मालकांनी खालच्यांना दिलेल्या रकमेतला तुमचा वाटा ते तुमच्याकडे मागू शकतात, पण पावती दाखवून.

तर बेरीज: २०,०००, ७,५००, ५,००० आणि १८,०००. होतात ५०,५००. त्याचा निम्मा वाटा म्हणजे २५,००० च्या आसपास. मालकांच्या २,३६,००० च्या जागी. मी पाहिलेलं नाही ते घर, त्यामुळे हे आकडे इकडे-तिकडे होतील. पण हिशेब कसा मांडायचा ते यावरून कळेल.

पैशाबद्दल बोलण्याआधी एक फोन करा. मालकांचा किंवा खालच्यांचा घराचा विमा आहे का, विचारा. गृहकर्ज असेल तर बऱ्याचदा बँकेने विमा काढायला लावलेला असतो आणि मालक ते विसरलेले असतात. १ एप्रिल २०२१ पासून साधारण विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी आणली. त्यात पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटून किंवा ओसंडून झालेलं नुकसान येतं. हळूहळू झिरपून आलेली ओल वेगळी, पण तुमच्याकडे पाइप फुटलाच आहे. दावा लगेच कळवावा लागतो आणि सर्व्हेअर येऊन पाहेपर्यंत भिजलेलं सामान फेकायचं नाही. मालकांनी फ्लोअरिंग उखडायला कारागीर बोलावला असेल तर त्यांना हे आजच सांगा. इथे भाडेकरू आणि मालक यांचा फायदा एकाच बाजूला आहे, आणि या एका फोनने आवाज खाली आलेले मी पाहिले आहेत.

यानंतर मालकांना एक पत्र लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घालू नका, तिथे रात्री अकराला लिहिलेलं वाक्य सहा महिन्यांनी कोर्टात वाचलं जातं. पत्रात तारखा लिहा, जुलैच्या मेसेजचा उल्लेख करा, फुटलेला पाइप जपून ठेवला आहे हे सांगा. खोलीनिहाय कोटेशन आणि फ्लोअरिंगचं मूळ बिल मागा. शेवटी लिहा की कोणतीही जबाबदारी मान्य न करता, वाद मिटावा म्हणून, आम्ही अमुक रक्कम डिपॉझिटमधून द्यायला तयार आहोत, उरलेली परत करावी. ‘जबाबदारी मान्य न करता’ हे शब्द गाळू नका. पत्र ईमेलने पाठवा आणि स्पीड पोस्टानेही (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं), पोचपावतीसह. आणि भाडं थांबवू नका. डिपॉझिट अडकलंय म्हणून भाडं बंद करणारे भाडेकरू स्वतःच्या चांगल्या केसमध्ये स्वतःची चूक घालून ठेवतात. कराराची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि नुकसानभरपाई लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने लागते, तेव्हा मुदतीकडेही लक्ष ठेवा.

बोलणी फिसकटली तर लगेच दावा लावू नका. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी नाही, आणि तिथे तडजोड झाली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, त्यावर अपील नाही. पन्नास-साठ हजारांच्या वादाला ही जागा योग्य. दाव्याला करारभंगापासून तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे घाईने सही करण्याची गरज कुणालाच नाही. मालक घर सोडताना ‘हिशेब पूर्ण’ असा कागद पुढे करतील. रक्कम पटत नसेल तर त्यावर ‘हरकत राखून’ असं हाताने लिहून मगच सही करा आणि फोटो काढून ठेवा.

मला आणखी नेमकं सांगता यावं म्हणून तीन गोष्टी कळवा: करारातलं देखभाल-दुरुस्तीचं कलम शब्दशः, अँगल कॉक फिरत होता की जाम होता, आणि फुटलेला पाइप सध्या कुणाकडे आहे. प्लंबरकडे असेल तर हे वाचून झाल्यावर आधी त्यालाच फोन करा.